मागणी ते जोडणी : दूरसंचार सेवांच्या स्वयंचलनाचा इतिहास

दूरसंचार कंपनीकडून आपल्या व्यवसायासाठी सेवा घेणाऱ्या ग्राहकाला मुळात दोन निरनिराळ्या कामांची वाट पाहावी लागते. त्यातले एक काम जोडणीचे, म्हणजे एका टोकाची तार, वाहिनी किंवा संगणक दुसऱ्या टोकाशी प्रत्यक्ष सांधण्याचे. आणि दुसरे मागणीचे, म्हणजे अर्ज नोंदवणे, ग्राहकाच्या पत्त्यापर्यंत सेवा पोहोचते की नाही हे तपासणे, दर ठरवणे, संबंधित विभागांना काम वाटून देणे आणि शेवटी बिल सुरू करणे, या साऱ्या कारकुनी व्यवहाराचे. ही दोन्ही कामे एकाच काळात स्वयंचलित झाली असती, तर या विषयाचा इतिहास बराच सोपा झाला असता. प्रत्यक्षात जोडणी यंत्राच्या हाती गेली ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात, आणि मागणी मात्र त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षे फायलींतून, नोंदवह्यांतून आणि एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर हातानेच पुढे सरकत राहिली. क्लाउड सेवा, म्हणजे संगणकाची गणनशक्ती आणि साठवण दूरच्या केंद्रातून भाड्याने पुरवण्याची सेवा, व्यावसायिक ग्राहकांसाठी स्वयंचलित करण्याचा जो खटाटोप दूरसंचार कंपन्यांनी गेल्या पंधरा वर्षांत केला, तो मुख्यतः या मागे राहिलेल्या दुसऱ्या कामाला पहिल्याच्या बरोबरीला आणण्याचा आहे. त्याचा माग काढताना मुंबईकडे वारंवार वळावे लागते, कारण देशाचा परदेशांशी होणारा संदेशव्यवहार दीर्घकाळ या शहरातून चालत असे आणि त्या व्यवहाराचा मोठा ग्राहकही येथेच होता.

भारतात टेलिफोन आला तो व्यापाऱ्यांसाठी. १८८० मध्ये दोन इंग्रज कंपन्यांनी एक्सचेंज उभारण्याची परवानगी मागितली, तेव्हा तार ही सरकारची मक्तेदारी असून टेलिफोनही तिच्यातच मोडतो, असे कारण देऊन सरकारने प्रथम नकार दिला. परंतु पुढच्याच वर्षी हे धोरण बदलून ओरिएंटल टेलिफोन कंपनीला मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि अहमदाबाद येथे एक्सचेंज काढण्याचा परवाना देण्यात आला. २८ जानेवारी १८८२ रोजी कलकत्त्याचे एक्सचेंज सुरू झाले आणि त्याच वर्षी मुंबईचेही झाले. या आरंभीच्या एक्सचेंजचे काम संपूर्णपणे माणसाच्या हातचे होते. वर्गणीदाराने आपल्या यंत्राचा दांडा फिरवला की स्विचबोर्डावरची त्याच्या क्रमांकाची पडदी खाली पडे, ऑपरेटर त्याच्याशी बोलून हवा असलेला क्रमांक विचारी आणि दोन टोकांना खुंट्या असलेली दोरी दोन छिद्रांत बसवून दोन्ही तारा एकमेकींना जोडून देई. संभाषण संपले की दोरी काढून घ्यावी लागे. या पद्धतीत मागणी आणि जोडणी एकाच व्यक्तीच्या हाती, एकाच क्षणी होत असे, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी महत्त्वाची आहे. ग्राहकाने सांगितले, ऑपरेटरने ऐकले आणि जोडले. मधे कागद नव्हता. पुढच्या काळात ही एकजीवता मोडली आणि ती पुन्हा साधायला फार काळ लागला.

ती मोडणारे यंत्र अमेरिकेतील अल्मन स्ट्रोजर याचे. स्ट्रोजर हा कॅन्सस शहरात अंत्यविधीची व्यवस्था करणारा व्यावसायिक होता, आणि ऑपरेटर आपल्या गिऱ्हाइकांचे फोन प्रतिस्पर्ध्याकडे वळवते या संशयाने त्याने हे यंत्र रचले, अशी कथा सांगितली जाते. कथेचा खरेपणा कितीही असो, त्याच्या यंत्राला १८९१ मध्ये पेटंट मिळाले आणि ३ नोव्हेंबर १८९२ रोजी इंडियाना राज्यातील ला पोर्ट येथे त्यावर चालणारे पहिले सार्वजनिक एक्सचेंज सुरू झाले, हे निश्चित. या रचनेच्या पुढे रूढ झालेल्या रूपात वर्गणीदाराच्या तबकडीतून, म्हणजे डायलमधून, प्रत्येक अंकामागे तितके विजेचे ठोके तारेवरून एक्सचेंजमध्ये जात, आणि त्या ठोक्यांच्या संख्येप्रमाणे ‘सिलेक्टर’ नावाचे यंत्र एकेक पायरी वर चढून मग आडवे फिरत योग्य संपर्कबिंदूवर थांबे. दहा पातळ्या आणि प्रत्येक पातळीवर दहा बिंदू, अशी शंभर ठिकाणांतून निवड करणारी ही मांडणी इतकी टिकाऊ ठरली की भारतातील अनेक एक्सचेंजमध्ये ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातही खडखडत होती. तिचा खरा अर्थ मात्र आर्थिक आहे. ऑपरेटर जे काम पगार घेऊन करीत असे, त्यातला निवडीचा भाग ग्राहकाने स्वतःच्या बोटाने, विनामोबदला, करायचा असे या यंत्राने ठरवून टाकले. पुढे ‘सेल्फ सर्व्हिस’ या नावाने जे काही दूरसंचारात आले, त्या सर्वाचे मूळ या तबकडीत आहे.

भारतातील पहिले स्वयंचलित एक्सचेंज १९१३-१४ मध्ये सिमल्याला बसले. त्याची क्षमता ७०० वाहिन्यांची होती. व्यापारी शहरांच्या आधी उन्हाळी राजधानीला हा मान मिळावा, हे त्या काळच्या राज्यव्यवस्थेला धरूनच होते. पुढे १९४३ मध्ये सरकारने मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथील खासगी टेलिफोन कंपन्या ताब्यात घेतल्या आणि १९४८ मध्ये स्ट्रोजर पद्धतीची यंत्रे देशात बनवण्यासाठी बंगळूरला इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज स्थापन झाली. स्वातंत्र्याच्या वेळी देशात टेलिफोन होते ८०,००० च्या आसपास. शहराच्या आतला फोन अशा रीतीने हळूहळू आपोआप लागू लागला, तरी शहराबाहेरचा, ज्याला ट्रंक कॉल म्हणत, तो लावण्यासाठी ऑपरेटरकडे नोंदणी करून तासन्‌तास थांबावे लागे. ‘अर्जंट’ला दुप्पट आणि ‘लाइटनिंग’ला आठपट दर देऊन रांगेत पुढे जाण्याची सोय होती, आणि सोन्याचा किंवा कापसाचा भाव मिनिटागणिक बदलत असताना ती सोय चैनीची नव्हती, धंद्याच्या खर्चाचाच तो एक भाग होता. १९६० मध्ये कानपूर आणि लखनौ यांच्या दरम्यान ग्राहकाने थेट डायल करण्याची एसटीडी सेवा सुरू झाली, तेव्हा कुठे ट्रंकच्या जोडणीचे स्वयंचलन भारतात आरंभले.

जोडणीची ही प्रगती चालू असताना मागणीचे काय झाले, याचे उत्तर टेलिफोन खात्याच्या कार्यालयीन पद्धतीत सापडते. नवा टेलिफोन हवा असणाऱ्याने आधी छापील अर्ज भरायचा, मग त्याचे नाव प्रतीक्षायादीत चढायचे. ही यादी एकच नव्हती. मोठी अनामत भरणाऱ्यांसाठी ‘ओन युवर टेलिफोन’ म्हणजे ओवायटी, डॉक्टरांसारख्या काही व्यवसायांसाठी ‘स्पेशल’ आणि बाकी सर्वांसाठी ‘जनरल’, असे तिचे वर्ग होते. क्रमांक आला की खाते त्या भागातल्या भूमिगत केबलमध्ये मोकळी जोडी आहे का ते पाही. असल्यास ‘डिमांड नोट’ निघे, पैसे भरल्यावर ‘अ‍ॅडव्हाइस नोट’ निघे, आणि ती चिठ्ठी एक्सचेंज, केबल विभाग, लाइनमन आणि हिशेब विभाग यांच्याकडून फिरत फिरत पूर्ण होऊन परत आली म्हणजे जोडणी झाली असे धरले जाई. एक्सचेंजमधील ‘एमडीएफ’ म्हणजे बाहेरून आलेल्या सर्व तारा जिथे येऊन थांबतात त्या मुख्य चौकटीवर, लाइनमनने जंपरची छोटी तार एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे ओढली की तांत्रिक काम संपे. ते काम काही मिनिटांचे असे. त्याच्या आधीचा प्रवास वर्षांचा. १९८० च्या दशकात देशातील प्रतीक्षायादी लाखांच्या घरात गेली. तुटवड्याचे मूळ कारण भांडवलाची कमतरता हेच होते, हे मान्य करूनही एवढे म्हटले पाहिजे की चिठ्ठी कोणत्या टेबलावर अडली आहे हे ग्राहकालाच काय, खात्यालाही सहज कळत नसे, आणि त्या अंधारातच वशिला, चिरीमिरी आणि खासदारांची शिफारसपत्रे यांना जागा मिळाली.

मधल्या काळात एक्सचेंजचे यंत्र दोनदा बदलले. क्रॉसबार पद्धतीत प्रत्येक फोनमागे स्वतंत्र सिलेक्टर न फिरवता ‘मार्कर’ नावाचे सामाईक नियंत्रण सर्व जोडण्यांचा मार्ग ठरवू लागले. भारताने त्यासाठी १९६४ मध्ये बेल्जियमच्या कंपनीशी करार करून पेंटाकॉन्टा जातीची यंत्रे बनवायला घेतली आणि ती इथे वारंवार कोलमडली, कारण युरोपातील घरगुती फोनवर दिवसाकाठी होणाऱ्या मोजक्या संभाषणांचा हिशेब धरून ती आखलेली होती, तर इथे एका फोनवर अख्खी पेढी किंवा अख्खी चाळ बोलत असे आणि न लागलेला क्रमांक लोक पुन्हा पुन्हा फिरवीत. दुसरा बदल अधिक मूलगामी. १९६५ मध्ये अमेरिकेत न्यू जर्सीतील सक्कासुन्ना येथे बेल या टेलिफोन कंपनीने संगणकाच्या आज्ञावलीवर चालणारे एक्सचेंज सुरू केले आणि जोडणीचे नियम तारांच्या रचनेतून निघून आज्ञावलीत, म्हणजे प्रोग्रॅममध्ये, गेले. त्यानंतर ग्राहकाला एखादी सुविधा देण्यासाठी तार ओढण्याची गरज राहिली नाही, टर्मिनलवरून एक आज्ञा टाइप करणे पुरे झाले. भारतात फ्रान्सच्या अल्काटेलकडून घेतलेले ई-१०बी हे एक्सचेंज आणि १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट या सरकारी संशोधन संस्थेने घडवलेली छोटी ग्रामीण एक्सचेंज ही याच जातीची. पुढील काळात ज्याला ‘सॉफ्टवेअरने चालणारे जाळे’ म्हणून नवलाईने मिरवले गेले, त्याचा पाया इथेच घातला गेला होता.

संगणक भाड्याने देण्याची कल्पना दूरसंचाराशी जोडली गेली ती याच सुमारास. अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ जॉन मॅकार्थी याने १९६१ मध्ये एमआयटीच्या शताब्दी समारंभात असे भाकीत केले की टेलिफोनसारखीच गणनशक्तीही एक दिवस सार्वजनिक सेवा म्हणून पुरवली जाईल. त्या विचाराला धरून एमआयटी, जनरल इलेक्ट्रिक आणि बेल लॅबोरेटरीज यांनी ‘मल्टिक्स’ ही प्रणाली बांधायला घेतली. म्हणजे जगातल्या सर्वांत मोठ्या टेलिफोन कंपनीची प्रयोगशाळा संगणकसेवेच्या उंबरठ्यावर उभी होती. ती १९६९ मध्ये त्या प्रकल्पातून बाहेर पडली. तसेही तिच्या मालक कंपनीने, म्हणजे एटी अँड टीने, १९५६ मध्ये सरकारशी झालेल्या न्यायालयीन तडजोडीनुसार नियंत्रित दूरसंचार सेवेखेरीज दुसऱ्या धंद्यात न उतरण्याचे बंधन पत्करले होते. दूरसंचार कंपन्यांना संगणकसेवेत जम बसवता आला नाही याची चर्चा हल्ली त्यांच्या सुस्तपणावर येऊन थांबते, परंतु निदान अमेरिकेपुरते पाहिले तर ऐन उमेदीच्या तीन दशकांत कायद्याने त्यांचे हात बांधलेले होते, हे विसरता येत नाही.

भारतात हे बंधन मक्तेदारीच्या रूपाने होते. आयबीएम या अमेरिकन संगणक कंपनीने १९७८ मध्ये देश सोडल्यावर तिच्या यंत्रांची देखभाल सरकारी मालकीच्या सीएमसीकडे आली आणि या कंपनीने १९८० च्या दशकाच्या मध्यास ‘इंडोनेट’ नावाचे जाळे उभारून निरनिराळ्या शहरांतील ग्राहकांना मोठ्या संगणकाचा वेळ भाड्याने द्यायला सुरुवात केली. स्वतःचा संगणक विकत न घेता दुसऱ्याच्या संगणकावर वापरापुरते पैसे देऊन काम करणे, हा आजच्या क्लाउडचा गाभा त्यात होता. परंतु त्याला लागणाऱ्या वाहिन्या दूरसंचार खात्याच्या होत्या आणि त्यांची गुणवत्ता यथातथाच होती. परदेशी जाणाऱ्या वाहिन्या ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिसच्या ताब्यात होत्या. १९४७ मध्ये राष्ट्रीयीकरणातून जन्मलेले हे खाते मुंबईच्या फोर्ट भागातून कारभार पाही आणि १९७१ पासून पुणे जिल्ह्यातील आर्वी येथील उपग्रह भूकेंद्र चालवी. १ एप्रिल १९८६ रोजी त्याचे रूपांतर विदेश संचार निगमात झाले, आणि त्याच दिवशी मुंबई व दिल्लीचे टेलिफोन महानगर टेलिफोन निगमाकडे गेले.

व्यावसायिक ग्राहकाला या काळात हवी असे ती ‘लीज्ड लाइन’, म्हणजे दोन ठिकाणांमधली चोवीस तास राखून ठेवलेली, भाड्याची वाहिनी. तिच्यासाठी दोन्ही टोकांच्या कार्यालयांनी आपापल्या बाजूची शक्यता तपासून कळवावी लागे, आणि दोन टोके दोन निगमांच्या हद्दीत पडली तर पत्रव्यवहार दुप्पट होई. ज्यांना थांबणे परवडत नव्हते, त्यांनी आकाशाचा मार्ग धरला. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने १९८५ मध्ये बंगळूरला उपग्रह दुवा घेतला; पुणे, बंगळूर आणि भुवनेश्वर येथे १९९० मध्ये निघालेल्या सॉफ्टवेअर पार्कांनी निर्यातदारांना स्वतःची भूकेंद्रे उपलब्ध करून दिली; आणि १९९४ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या नॅशनल स्टॉक एक्सचेंजने दलालांना जोडण्यासाठी जमिनीवरच्या तारा बाजूला ठेवून छतावरच्या छोट्या उपग्रह तबकड्यांचे, म्हणजे व्हीसॅटचे, जाळे उभारले. देशाच्या आर्थिक राजधानीतील सर्वांत महत्त्वाकांक्षी संस्थेने शहरातल्या केबलला वळसा घालावा, यापेक्षा बोलका शेरा त्या काळच्या मागणी-व्यवस्थेवर दुसरा नाही.

गंमत अशी की मागणी-व्यवस्था यंत्रावर कशी चढवावी याचे ज्ञान याच काळात मुंबई-पुण्यात जमा होत होते, फक्त ते दुसऱ्या देशासाठी. १९८६ मध्ये महिंद्र आणि ब्रिटिश टेलिकॉम यांच्या भागीदारीतून महिंद्र ब्रिटिश टेलिकॉम ही कंपनी निघाली, जी २००६ मध्ये टेक महिंद्र झाली, आणि तिचे मुख्य काम दूरसंचार कंपन्यांच्या अंतर्गत कारभाराची सॉफ्टवेअर लिहिण्याचे होते. या सॉफ्टवेअरचे दोन वर्ग मानले जातात. वाहिन्या, उपकरणे आणि बिघाड यांची नोंद ठेवणारी ती ‘ओएसएस’. ग्राहक, मागण्या आणि बिले सांभाळणारी ती ‘बीएसएस’. अमेरिकेत बेल कंपनीने १९७० च्या दशकातच अशा नोंदी मोठ्या संगणकावर नेल्या होत्या, आणि १९८८ मध्ये दूरसंचार कंपन्या व यंत्रउत्पादक यांनी मिळून जी संघटना काढली, तीच आज टीएम फोरम या नावाने या क्षेत्राचे प्रमाणीकरण करते. बीएसएसमध्ये नोंदलेली मागणी माणसाचा हात न लागता ओएसएसमधून थेट उपकरणापर्यंत पोहोचली, तर त्याला ‘फ्लो-थ्रू’ म्हणतात. मधेच अडकून कुणा कर्मचाऱ्याच्या यादीत पडली, तर ‘फॉलआउट’. या दोन शब्दांतच या धंद्याचे पुढील तीस वर्षांचे सुखदुःख सामावले आहे. अडकण्याचे कारण बहुधा एकच असे, आणि ते म्हणजे नोंद आणि वस्तुस्थिती यांतील तफावत. कागदोपत्री मोकळे असलेले पोर्ट प्रत्यक्षात वापरात असे, किंवा वर्षापूर्वी काढून टाकलेले उपकरण यादीत जिवंत असे, आणि मग यंत्राने काढलेली आज्ञा भिंतीवर आपटून परत येई.

विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी जनतेसाठी इंटरनेट सेवा सुरू केली, तेव्हा तिच्या अपुऱ्या मोडेमांमुळे आणि न लागणाऱ्या फोनमुळे पहिले महिने टीकेचे गेले. २००२ मध्ये टाटा समूहाने निगमातील २५ टक्के भाग घेऊन व्यवस्थापन हाती घेतले, त्याच वर्षी परदेशी दूरध्वनीची मक्तेदारी संपली, पुढे टायको कंपनीचे समुद्राखालचे केबलजाळे आणि कॅनडाची टेलिग्लोब कंपनी निगमाच्या मालकीत आली, आणि २००८ मध्ये त्याचे नाव टाटा कम्युनिकेशन्स झाले. या काळात लीज्ड लाइनची जागा ‘एमपीएलएस’ या पद्धतीने घेतली. तीत एकाच जाळ्यावर प्रत्येक ग्राहकाचे पाकीटबंद संदेश वेगळी खूणचिठ्ठी लावून फिरतात आणि त्यामुळे प्रत्येक बँकेला किंवा कारखान्याला आपले स्वतंत्र खासगी जाळे असल्याचा लाभ मिळतो. नव्या शाखेसाठी आता तार ओढण्याऐवजी राउटरमध्ये काही ओळींची रचना भरणे पुरे होते. त्या ओळी मात्र अभियंता स्वतः टाइप करीत असे, बहुधा मध्यरात्री, आणि एका अंकाच्या चुकीने एका ग्राहकाची शाखा दुसऱ्याच्या जाळ्यात जाण्याचा धोका त्यात होता.

असे सगळे चालू असताना २००६ मध्ये अ‍ॅमेझॉन या पुस्तके आणि इतर माल विकणाऱ्या कंपनीने साठवण आणि संगणक तासाच्या भाड्याने द्यायला सुरुवात केली. त्यामागचे तंत्र नवे नव्हते. एका यंत्राचे अनेक आभासी संगणकांत विभाजन करण्याची युक्ती आयबीएमने १९७२ पर्यंत बाजारात आणली होती. नवी होती ती मागणीची रीत. ग्राहकाने क्रेडिट कार्डाचा क्रमांक द्यायचा, आणि त्याच्या प्रोग्रॅमने अ‍ॅमेझॉनच्या प्रोग्रॅमला ठरलेल्या भाषेत, म्हणजे ‘एपीआय’मार्फत, विनंती पाठवायची. विक्रेता, अर्ज, शक्यतेची तपासणी, डिमांड नोट यांपैकी काहीच मधे येत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय प्रमाण संस्थेने २०११ मध्ये क्लाउडची व्याख्या केली, तेव्हा तिच्या पाच लक्षणांत पहिले लक्षण हेच धरले की ग्राहकाला सेवा पुरवणाऱ्या माणसाशी न बोलता, हवी तेव्हा, स्वतः घेता आली पाहिजे. १८८२ च्या ऑपरेटरकडे एकत्र असलेली मागणी आणि जोडणी इथे पुन्हा एका क्षणात आली, फक्त दोन्ही बाजूंची माणसे त्यातून निघून गेली होती.

दूरसंचार कंपन्यांना यात आपला हक्काचा धंदा दिसला, कारण इमारती, वीज, जाळे, बिलाची व्यवस्था आणि मोठ्या ग्राहकांचा विश्वास हे सर्व त्यांच्याकडे आधीच होते. टाटा कम्युनिकेशन्सने २०१० मध्ये ‘इन्स्टाकंप्यूट’ ही सेवा काढली. अमेरिकेत २०११ मध्ये व्हेरायझनने १.४ अब्ज डॉलरला टेरेमार्क आणि सेंच्युरीलिंकने २.५ अब्ज डॉलरला सॅव्हिस विकत घेतली. पाच वर्षांत चित्र पालटले. व्हेरायझनने २०१६ मध्ये आपला सार्वजनिक क्लाउड बंद केला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस डेटा सेंटर ३.६ अब्ज डॉलरला इक्विनिक्सला विकण्याचा करार केला. टाटा कम्युनिकेशन्सनेही २०१६ मध्ये आपल्या भारत आणि सिंगापूर येथील डेटा सेंटर व्यवसायाचा ७४ टक्के हिस्सा सिंगापूरच्या एसटी टेलिमीडियाकडे दिला. या माघारीची कारणे सांगताना भांडवलाच्या आकाराकडे बोट दाखवले जाते आणि ते चूक नाही, कारण अ‍ॅमेझॉन किंवा मायक्रोसॉफ्ट यांच्या गुंतवणुकीशी बरोबरी करणे कुणालाच शक्य नव्हते. तरीही दुसरे कारण अधिक खोल आहे. बहुतेक कंपन्यांनी आभासी संगणक बनवण्याचे काम स्वयंचलित केले, आणि त्याची मागणी मात्र जुन्याच ओएसएस-बीएसएसच्या वाटेने, विक्री प्रतिनिधी, कोटेशन आणि सहीच्या करारातून येऊ दिली. परिणामी चार मिनिटांत तयार होऊ शकणारा संगणक ग्राहकाच्या हाती पडायला आठवडे लागत. युरोपात डॉइचे टेलिकॉमने २०१६ मध्ये ओपनस्टॅक या मुक्त सॉफ्टवेअरवर आधारलेला ‘ओपन टेलिकॉम क्लाउड’ काढला आणि तो टिकला, यामागे माहिती आपल्याच कायद्याच्या हद्दीत राहावी ही जर्मन ग्राहकांची निकड होती, हे अपवादाचे स्पष्टीकरण म्हणून पुरेसे आहे.

माघारीनंतर या कंपन्यांना जी जागा सापडली ती त्यांच्या मूळ धंद्याला अधिक साजेशी होती. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे, मुंबई आणि चेन्नई येथे, अ‍ॅमेझॉनने २०१६ मध्ये आणि गूगलने २०१७ मध्ये मुंबईत आपली केंद्रे उघडली, तेव्हा बँका आणि कारखाने यांना त्या केंद्रांपर्यंत सार्वजनिक इंटरनेट टाळून जाणारी, वेगाची हमी असलेली वाट हवी होती. ती पुरवणे म्हणजे जुनी लीज्ड लाइनच, पण आता ती घड्याळाच्या हिशेबाने कमी-जास्त करता आली पाहिजे, अशी ग्राहकाची अपेक्षा क्लाउडने घडवली होती. त्यासाठी जाळ्याची उपकरणेच सॉफ्टवेअरच्या रूपात सामान्य संगणकांवर चालवावीत, हा विचार तेरा दूरसंचार कंपन्यांनी २०१२ च्या ऑक्टोबरात एका संयुक्त निवेदनातून मांडला होता. त्या विचाराला ‘एनएफव्ही’ म्हणतात. अशा अनेक तुकड्यांना योग्य क्रमाने कामाला लावणाऱ्या सॉफ्टवेअरला ‘ऑर्केस्ट्रेशन’ म्हणतात. फायरवॉल आधी, मग राउटर, मग क्लाउडकडचे पोर्ट, मग बिल, आणि मधे काही फसले तर आधीचे सर्व उलगडून मूळ स्थितीत आणणे, हे त्याचे काम, आणि त्यातला शेवटचा भागच सर्वांत अवघड. एटी अँड टीने स्वतःसाठी लिहिलेली अशी प्रणाली आणि चिनी कंपन्यांचा पाठिंबा असलेली दुसरी प्रणाली २०१७ मध्ये एकत्र होऊन ‘ओनॅप’ हा मुक्त प्रकल्प झाला. मागणीच्या बाजूला टीएम फोरमने मागणीपत्राचेच प्रमाण ठरवले. ‘टीएमएफ ६२२’ या एपीआयमुळे एका कंपनीचा प्रोग्रॅम दुसऱ्या कंपनीकडे सेवेची मागणी नोंदवू शकतो. पूर्वीची अ‍ॅडव्हाइस नोट ज्या टेबलांवरून फिरे, ती टेबले अशी एकेक करून प्रोग्रॅममध्ये रूपांतरित झाली.

स्वयंचलनाने चुकांचे प्रमाण घटले, पण एका चुकीची व्याप्ती वाढली. १५ जानेवारी १९९० रोजी एटी अँड टीच्या एक्सचेंजमधील आज्ञावलीतील एका सदोष ओळीमुळे ११४ मोठी एक्सचेंज एकमेकांना बंद पाडत राहिली आणि अमेरिकेतील लांब पल्ल्याचे दूरध्वनी नऊ तास विस्कळीत झाले. ८ जुलै २०२२ रोजी कॅनडातील रॉजर्स कंपनीच्या जाळ्यातील एका रचनाबदलाने १ कोटी २० लाखांहून अधिक ग्राहकांची सेवा गेली, कार्डाने होणारे व्यवहार थांबले, आणि ज्या जाळ्यातून दुरुस्ती करायची तेही त्याच जाळ्यावर अवलंबून असल्याने अभियंत्यांना उपकरणांपर्यंत पोहोचणे कठीण झाले. स्ट्रोजरच्या सिलेक्टरचा संपर्कबिंदू झिजला तर एका वर्गणीदाराचा फोन बंद पडे. त्या मर्यादित बिघाडाची जागा आता क्वचित येणाऱ्या, पण देशव्यापी बिघाडाने घेतली आहे.

मनुष्यबळाचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. स्विचबोर्डावर काम करणाऱ्या स्त्रिया, ज्यांत अँग्लो-इंडियन समाजातल्या अनेक होत्या, एसटीडीच्या प्रसाराबरोबर त्या कामातून बाहेर पडल्या, परंतु खाते सरकारी असल्याने त्यांना चौकशी, तक्रार नोंदणी अशा कामांवर सामावून घेण्यात आले. भारत संचार निगम आणि महानगर टेलिफोन निगम या सरकारी दूरसंचार कंपन्यांतील ९२,००० हून अधिक कर्मचारी ३१ जानेवारी २०२० रोजी स्वेच्छानिवृत्ती घेऊन एकाच दिवशी बाहेर पडले, त्याचे कारण निगमांचा तोटा हे होते. तथापि एवढी माणसे गेल्यावरही उरलेले जाळे चालू शकले, यात स्वयंचलनाचा वाटा होता आणि उरलेल्या माणसांवर पडलेल्या ताणाचाही.

आजच्या मुंबईत एखाद्या कंपनीला आभासी संगणक काही मिनिटांत मिळतो आणि असलेल्या वाहिनीचा वेग त्याच दिवशी वाढवून घेता येतो. ज्या इमारतीत अद्याप फायबर गेलेली नाही, तिथे मात्र रस्ता खोदावा लागतो, आणि त्यासाठी महानगरपालिकेची, प्रसंगी रेल्वेची किंवा गृहनिर्माण संस्थेची परवानगी लागते. केंद्र सरकारने २०१६ मध्ये मार्गाधिकाराचे नियम केले, २०२२ मध्ये अशा अर्जांसाठी ‘गतिशक्ती संचार’ हे पोर्टल उघडले, आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्याखालील नवे मार्गाधिकार नियम १ जानेवारी २०२५ पासून अमलात आणले. पावसाळ्यात मात्र तातडीची दुरुस्ती वगळता मुंबईतल्या रस्त्यांवर खोदकामाला महानगरपालिका एरवी परवानगी देत नाही, त्यामुळे जून महिन्यात नोंदवलेल्या अशा मागणीची जोडणी ऑक्टोबरच्या आधी होणे कठीण असते.